वाचकांचे प्रश्न : संस्थेची निवडणूक ऑनलाइन घ्यावी का?

संस्थांच्या कारभाराविषयी या सदराकडे येणाऱ्या पत्रांत सध्या एक विषय वारंवार दिसतो, तो म्हणजे कार्यकारिणीची निवडणूक आणि महत्त्वाचे ठराव यांसाठी ऑनलाइन मतदान सुरू करावे की नाही. आलेल्या पत्रांपैकी पाच निवडून त्यांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या दोन पत्रांना अधिक जागा दिली आहे, कारण बाकीच्या बहुतेक शंका त्यांतूनच निघतात.

प्रश्न : आमच्या व्यावसायिक संघटनेचे सभासद अनेक शहरांत विखुरलेले आहेत. निवडणूक वार्षिक सर्वसाधारण सभेत होते आणि सभेला दरवर्षी तीच ती मंडळी येतात. ऑनलाइन मतदानाचा विषय निघाला की छपाईचा आणि टपालाचा खर्च वाचेल, एवढाच मुद्दा मांडला जातो. संस्थेला याहून काही खरा लाभ आहे का? (एका संघटनेच्या कार्यवाह)

उत्तर : खर्च वाचतो हे खरे आहे. मतपत्रिका छापणे, पाकिटे भरणे, ती टपालाने पाठवणे आणि परत आलेली फोडून मोजणे ही कामे टळतात. परंतु ऑनलाइन सेवेचेही शुल्क द्यावे लागते, शिवाय सभासदसंख्या लहान असेल तर हाती उरणारी रक्कम फारशी नसते. तेव्हा केवळ बचतीसाठी पद्धत बदलण्याचा प्रस्ताव कोणी मांडत असेल, तर त्याला मी घाई करू नका असेच सांगेन. खरा लाभ वेगळा आहे. ज्यांना सभेला येणे जमते त्यांचा निर्णय आणि सर्व सभासदांचा निर्णय या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि ऑनलाइन मतदानामुळे त्यांच्यातील अंतर कमी होऊ शकते.

सभेला कोण येत नाही, याचा विचार आपल्या कार्यकारिणीने एकदा शांतपणे करावा. रात्रपाळी करणारा, घरी आजारी माणसाची शुश्रूषा करणारा, तान्हे मूल असलेली आई, परगावी बदली झालेला, वयोमानाने प्रवास न झेपणारा, असे हे सभासद असतात. त्यांची वर्गणी इतरांएवढीच असते आणि संस्थेच्या निर्णयांचे परिणामही त्यांना इतरांएवढेच भोगावे लागतात. अशांसाठी काही संस्थांत अधिकारपत्राची सोय असते, म्हणजे गैरहजर सभासद आपले मत दुसऱ्याच्या हाती सोपवतो. ही सोय सद्हेतूने केलेली असली तरी तिच्यामुळे अधिकारपत्रे गोळा करणाऱ्या एखाद्या माणसाच्या हाती मतांचा गठ्ठा येतो, आणि मूळ सभासदाच्या मनात काय होते हे कोणालाच कळत नाही. मतदान काही दिवस खुले ठेवून प्रत्येकाला स्वतःच्या फोनवरून मत देता आले, तर या मध्यस्थाची गरजच उरत नाही.

दृष्टिहीन सभासदांच्या बाबतीत हा लाभ किती मोठा आहे, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. कागदी मतपत्रिकेवर त्यांना मदतनीस घ्यावा लागतो, म्हणजे मतदान गुप्त असूनही त्यांचे मत निदान एका माणसाला कळतेच. मतदानाचे पान नीट बनवलेले असेल, तर फोनमधील स्क्रीन रीडर उमेदवारांची नावे एकेक करून कानात वाचून दाखवतो, निवडलेले नाव पुन्हा उच्चारतो, 'मत नोंदवायचे का' असे विचारतो आणि नोंद झाल्यावर पोच क्रमांक ऐकवतो. एवढ्या सगळ्यात दुसऱ्या कोणाचा हात लागत नाही. हे साधायचे तर पानावरील प्रत्येक बटणाला स्क्रीन रीडरला वाचता येईल असे नाव दिलेले असावे लागते. उमेदवारांची यादी चित्राच्या रूपात टाकली, तर त्यांना काहीच ऐकू येत नाही. सेवा निवडताना एखाद्या दृष्टिहीन सभासदाकडूनच ती तपासून घ्यावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

आपल्या सभेत हात वर करून मतदान होत असेल, तर गुप्ततेचा लाभ सर्वांनाच मिळेल. ज्येष्ठ पदाधिकारी समोर बसलेले असताना, किंवा ज्याच्या शिफारशीने काम मिळते तो माणूस उमेदवार असताना विरोधात हात वर करणे सोपे नसते. एकमताने मंजूर झालेल्या कित्येक ठरावांमागे खरोखरचे एकमत किती होते, हे गुप्त मतदान घेतल्याशिवाय समजत नाही.

मतमोजणीतही फरक पडतो. पाच जागांसाठी सहा नावांपुढे खूण केली की कागदी मत बाद होते आणि त्या सभासदाचा सहभाग वाया जातो. ऑनलाइन मतपत्रिका सहाव्या खुणेलाच थांबवते. (मात्र कोणालाच मत द्यायचे नसेल तर कोरी मतपत्रिका टाकण्याची मुभा तिच्यात असली पाहिजे, कारण चूक रोखणे आणि मतदाराचा हेतू रोखणे यांत फरक आहे.) याहून महत्त्वाचे म्हणजे हाताने मोजायला किचकट म्हणून टाळल्या जाणाऱ्या पद्धती संस्थेला वापरता येतात. पसंतीक्रमाच्या मतदानात मतदार उमेदवारांना पहिली, दुसरी, तिसरी अशी पसंती देतो. निवडून आलेल्याची जादा मते आणि बाद झालेल्याची मते पुढच्या पसंतीकडे वळवावी लागतात, आणि ही मोजणी हाताने करायची तर मध्यरात्र उलटते. संगणकाला ती क्षणाचे काम आहे. डेबियन या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचे जगभर पसरलेले सदस्य आपला प्रमुख दरवर्षी इंटरनेटवरून याच प्रकारे, उमेदवारांना क्रम देऊन निवडतात. मात्र तिथे मते पुढे वळवली जात नाहीत, तर प्रत्येक उमेदवाराची इतर प्रत्येकाशी जोडीने तुलना होते आणि त्यावरून निकाल लागतो. बहुमत दोन-तीन उमेदवारांत विभागले जाऊन अल्पमताचा उमेदवार निवडून येण्याचा प्रसंग आपल्या संस्थेत कधी आला असेल, तर हा लाभ आपल्याला चटकन पटेल.

आता एक सावधगिरीची गोष्ट. ऑनलाइन मतदान सुरू केले की मतदानाचा टक्का आपोआप उसळी घेईल, असे आश्वासन सभासदांना देऊ नका. एस्टोनियाने २००५ च्या स्थानिक निवडणुकीत देशभर इंटरनेट मतदान सुरू केले, तेव्हा मतदान करणाऱ्यांपैकी सुमारे २ टक्के लोकांनीच ते वापरले. २०२३ च्या संसदीय निवडणुकीत हे प्रमाण निम्म्याच्या पुढे गेले. परंतु एकूण मतदान २००७ मध्ये सुमारे ६२ टक्के होते, ते २०२३ मध्ये ६३ टक्क्यांच्या थोडे वर राहिले. याचा अर्थ असा की, ज्याला मत द्यायचे आहे त्याची अडचण ही पद्धत दूर करते. ज्याला संस्थेच्या कारभारात रसच उरलेला नाही त्याला ती ओढून आणत नाही. आपल्याकडे अंतर हीच मुख्य अडचण असल्यामुळे टक्का वाढण्याची शक्यता चांगली आहे, तरीही उमेदवारांची निवेदने वेळेवर पोहोचली नाहीत आणि प्रश्न विचारायला जागा मिळाली नाही, तर मतदानाची लिंक न उघडताच पडून राहील. म्हणून मतदान सुरू होण्यापूर्वी उमेदवारांशी ऑनलाइन प्रश्नोत्तरांची एक बैठक अवश्य ठेवावी. सभेतील चर्चा ऐकून मत बदलण्याची संधी हे जुन्या पद्धतीचे मोठे बलस्थान होते, ते नव्या पद्धतीत हरवता कामा नये.

प्रश्न : मी आमच्या संस्थेचा जुना सभासद आहे. कागदाची मतपेटी सर्वांसमोर उघडते, मते सर्वांसमोर मोजली जातात. संगणकात माझे मत कोणी बदलले नाही आणि कोणी पाहिले नाही, याची खात्री मी कशी करायची? (एक ज्येष्ठ सभासद)

उत्तर : आपली शंका रास्त आहे, आणि कोणत्याही संस्थेने तिला 'जुन्या वळणाची' म्हणून बाजूला सारू नये. २००९ मध्ये जर्मनीच्या संघीय घटनात्मक न्यायालयाने मतदान यंत्रांविषयी निकाल देताना असे म्हटले की, निवडणुकीतील महत्त्वाचे टप्पे विशेष तांत्रिक ज्ञानावाचून नागरिकाला तपासता आले पाहिजेत. तो निकाल सार्वजनिक निवडणुकांपुरता होता. तरीही ही कसोटी संस्थांनीही स्वतःला लावून पाहावी असे मला वाटते.

अडचण अशी आहे की आपल्याला दोन गोष्टी एकाच वेळी हव्या असतात. माझे मत मोजले गेले हे मला कळावे, पण माझे मत कोणते होते हे दुसऱ्या कोणालाही कळू नये. टपाली मतदानात यासाठी दोन पाकिटे असतात. आतल्या कोऱ्या पाकिटात मतपत्रिका आणि बाहेरच्या पाकिटावर सभासदाचे नाव व सही. नाव यादीत तपासून झाले की बाहेरचे पाकीट काढून टाकतात आणि आतली पाकिटे एकत्र मिसळल्यावरच उघडतात. चांगली ऑनलाइन पद्धत हेच काम गणिताच्या साहाय्याने करते. आपले मत आपल्याच संगणकावर सांकेतिक रूपात बदलले जाते, म्हणजे सर्व्हरकडे पोहोचते ते मत कुलूपबंद असते. ते उघडण्याची किल्ली एकाच माणसाकडे न देता काही जणांत वाटलेली असते. पुष्कळ पद्धतींत एकेक मत उघडले जातच नाही. कुलूपबंद मतांचीच बेरीज करून फक्त बेरजेचा आकडा उघडतात.

बेन अडिडा यांनी २००८ मध्ये मांडलेली हेलिओस ही अशीच एक पद्धत आहे. तिच्यात मतदाराला एक सांकेतिक पोच मिळते. सर्व पोचा सर्वांना दिसतील अशा यादीत लावल्या जातात, त्यामुळे आपली पोच त्या यादीत आहे की नाही हे आपल्याला कधीही पाहता येते. संगणकाने आपण निवडलेलेच नाव कुलूपबंद केले का, अशी शंका आली तर मत टाकण्यापूर्वी मतपत्रिका उघडून दाखवण्याची मागणी करता येते. उघडलेली मतपत्रिका तिथेच रद्द होते आणि मतदार नव्याने मत तयार करतो. आपण केव्हा तपासणी मागाल हे यंत्रणेला आधी ठाऊक नसल्यामुळे फसवणूक केली तर ती पकडली जाण्याचा धोका कायम राहतो. मतपेटी सर्वांसमोर उघडण्यामागे जो हेतू असतो, तोच येथे साधला जातो.

किल्ली वाटून देण्याची बाजू किती नाजूक आहे, हे अलीकडच्याच एका घटनेत दिसले. सांकेतिक लेखनशास्त्राच्या संशोधकांची आंतरराष्ट्रीय संघटना, इंटरनॅशनल असोसिएशन फॉर क्रिप्टोलॉजिक रिसर्च, अनेक वर्षे आपल्या निवडणुका हेलिओसवर घेत आली आहे. २०२५ च्या निवडणुकीत किल्लीचे भाग तीन जणांकडे होते आणि निकाल उघडायला तिन्ही भाग लागणार होते. त्यांतील एकाचा भाग कायमचा गहाळ झाला. मते सुरक्षित होती, पण ती कोणालाच उघडता येईनात, आणि संघटनेला मतदान पुन्हा घ्यावे लागले. त्यानंतर तिघांपैकी कोणतेही दोन भाग पुरतील अशी व्यवस्था करण्यात आली. या विषयातील जगभरच्या तज्ज्ञांच्या संस्थेत हे घडले. मला या प्रसंगात आश्वासक वाटते ते असे की, एक भाग नसताना उरलेल्या दोघांनाही मते पाहता आली नाहीत. गुप्ततेचे वचन शब्दशः पाळले गेले. आपल्या संस्थेने तीनपैकी दोन किंवा पाचपैकी तीन अशी व्यवस्था ठेवावी आणि किल्ली सांभाळणाऱ्यांत निरनिराळ्या गटांचे प्रतिनिधी असावेत.

बाजारातील सगळ्याच सेवा या दर्जाच्या नसतात. म्हणून आपण कार्यकारिणीला लेखी विचारावे की, मतदान चालू असताना कोणाला मते किंवा अंतरिम आकडे दिसतात का. सेवा चालवणाऱ्याला सभासदाचे नाव आणि त्याचे मत जोडता येते का. आणि निकालानंतर बाहेरच्या तज्ज्ञाला पुन्हा मोजणी करता येईल का. या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळत नसतील, तर कागदी मतदानच बरे.

प्रश्न : आमचे मंडळ लहान आहे. गूगल फॉर्म किंवा व्हॉट्सॲपच्या मतचाचणीने निवडणूक घेतली तर चालेल का? (एका मंडळाचे खजिनदार)

उत्तर : बैठकीची तारीख ठरवण्यासाठी चालेल, निवडणुकीसाठी चालणार नाही. व्हॉट्सॲपच्या मतचाचणीत कोणी कोणता पर्याय निवडला हे गटातील सर्वांना दिसते. गूगल फॉर्म ज्याने तयार केला त्याला उत्तरे येतील तशी दिसत राहतात, म्हणजे मतदान संपण्यापूर्वीच एका माणसाला कल कळतो. नाव किंवा ईमेल नोंदवायला लावले तर गुप्तता जाते आणि न लावले तर एकाच माणसाला पुन्हा पुन्हा मत देता येते. लहान मंडळातही हरलेल्या उमेदवाराला निकाल मान्य करण्याचे कारण मिळायला हवे, आणि ते कारण या साधनांतून मिळत नाही. केवळ निवडणुकांसाठी बनवलेल्या काही सेवा लहान संस्थांना विनामूल्य किंवा अल्प शुल्कात मिळतात, त्या पाहाव्यात.

प्रश्न : मी कामगार संघटनेची सभासद आहे. मतदान फोनवर आले तर मुकादम किंवा घरातले कोणी शेजारी उभे राहून 'माझ्यासमोर मत दे' म्हणेल, ही भीती मला वाटते. यावर काही उपाय आहे का? (एक कामगार सभासद)

उत्तर : ताई, आपण ऑनलाइन मतदानातील सर्वांत अवघड जागेवर बोट ठेवले आहे. मतदान केंद्रावरील आडोसा मतदाराला दबावापासून वाचवतो, तो आडोसा फोन देऊ शकत नाही. पूर्ण उपाय कोणाकडेही नाही, पण दबावाचा परिणाम पुष्कळ कमी करता येतो. एस्टोनियात मतदानाच्या मुदतीत ऑनलाइन मत कितीही वेळा बदलता येते आणि शेवटचे मत धरले जाते. तसेच मतदाराने केंद्रावर जाऊन कागदी मत दिले तर त्याचे ऑनलाइन मत रद्द होते. अशी सोय असली की समोर उभे राहून मत द्यायला लावणाऱ्यालाही ते मत टिकेल याची खात्री उरत नाही.

आपल्या संघटनेने ही सोय नसलेली सेवा स्वीकारू नये. मत बदलल्याची सूचना ईमेल किंवा संदेशाने येत असेल तर तीही बंद ठेवावी, कारण तो संदेशच दुसऱ्याच्या नजरेस पडू शकतो. शेवटच्या दिवशी संघटनेच्या कार्यालयात कागदी मतदानाची व्यवस्था असावी. एवढे करूनही ज्या ठिकाणी मालकाचा धाक मोठा आहे आणि विषय संपासारखा नाजूक आहे, तिथे आडोशातील कागदी मतपत्रिकाच मला अधिक सुरक्षित वाटते, आणि आपण सभेत तसा आग्रह धरलात तर तो योग्यच ठरेल.

प्रश्न : आमच्या संस्थेने ऑनलाइन मतदानाचा निर्णय घेतला असून निवडणूक अधिकारी म्हणून माझी नेमणूक झाली आहे. तयारी कोठून करू? काही ज्येष्ठ सभासदांकडे स्मार्टफोनही नाही. (एक निवडणूक अधिकारी)

उत्तर : पहिले काम नियमावलीचे आहे. तिच्यात 'सभेत उपस्थित राहून मतदान' असे शब्द असतील तर आधी दुरुस्तीचा ठराव रीतसर मंजूर करून घ्या, नाहीतर उत्तम पार पडलेली निवडणूकही आव्हान देताच कोसळेल. गणपूर्तीसाठी ऑनलाइन मत देणारा सभासद उपस्थित धरायचा की नाही, हेही त्याच दुरुस्तीत स्पष्ट करा.

त्यानंतर सभासदांची यादी. माझ्या मते या सगळ्या कामातले सर्वांत मोठे आणि सर्वांत दुर्लक्षित काम हेच आहे. यादी उघडून बसलात की दिवंगत सभासदांची नावे, बंद पडलेले ईमेल, नवरा-बायकोने मिळून दिलेला एकच पत्ता, नोकरी सोडल्यावर बंद झालेला कार्यालयाचा ईमेल, मुलाच्या नावावरचा फोन, असे सगळे समोर येईल. ओटीपी ज्या फोनवर जातो त्या फोनचा मालकच यंत्रणेच्या लेखी मतदार असतो, म्हणून हे घोळ आधी निस्तरावे लागतात. यादीचा मसुदा सर्वांना पाहायला द्या, हरकती घ्या आणि एका जाहीर तारखेला यादी गोठवा. त्या तारखेनंतर तिच्यात होणारा प्रत्येक बदल कारणासह नोंदवला गेला पाहिजे. या कामाचा फायदा निवडणुकीपुरता राहत नाही, पुढे वर्गणीची स्मरणपत्रेही योग्य माणसांपर्यंत जातात.

मतदानापूर्वी एखाद्या निरुपद्रवी विषयावर सर्वांचे सराव मतदान घ्या. कोणाचा ईमेल नको असलेल्या संदेशांच्या कप्प्यात जातो, कोणाला लिंक उघडत नाही, हे तेव्हाच कळू द्या. खऱ्या मतदानाची लिंक कोणत्या पत्त्यावरून येईल हे आधी छापील पत्राने कळवा, म्हणजे बनावट लिंक पाठवून फसवणाऱ्याचा डाव ओळखता येईल. स्मार्टफोन नसलेल्या सभासदांना अर्ज न करायला लावता टपाली मतपत्रिका पाठवा. त्यांची नावे ऑनलाइन यादीतून वगळलेली असावीत, म्हणजे कोणाचेही मत दोनदा मोजले जाणार नाही. मदतीसाठी एक दूरध्वनी क्रमांक द्या आणि तिथे बसणारी व्यक्ती उमेदवारांपैकी कोणाचीही नातलग किंवा प्रचारक नाही याची खात्री करा.

मुदतीबद्दल विशेष काळजी घ्या. डिसेंबर २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याच्या स्थानिक निवडणुकांत आयव्होट ही ऑनलाइन यंत्रणा मतदानाच्या दिवशी भार न पेलल्याने अडली आणि अनेक मतदारांना मत देता आले नाही. केम्प्सी, सिंगल्टन आणि शेलहार्बरचा एक प्रभाग येथील निकाल पुढच्या वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले आणि तेथे पुन्हा मतदान झाले. आपल्या संस्थेत मतदार थोडे असले तरी शेवटच्या तासाला सगळे एकदम येतात, हे सर्वत्र सारखेच असते. म्हणून मतदान किमान आठवडाभर खुले ठेवा आणि ते कामाच्या दिवशी, मदत क्रमांकावर माणूस हजर असताना बंद होईल असे पाहा. यंत्रणा बंद पडली तर मुदत किती वाढेल आणि ते कोण ठरवेल, हा नियम मतदान सुरू होण्यापूर्वी सर्व उमेदवारांच्या सह्यांनिशी लिहून ठेवा. आयत्या वेळी घेतलेला मुदतवाढीचा निर्णय कितीही प्रामाणिक असला तरी कोणत्या तरी उमेदवाराला तो पक्षपाती वाटतोच.

निकालाच्या दिवशी किल्लीधारकांना आणि उमेदवारांच्या प्रतिनिधींना एकत्र बसवा, संगणकाचा पडदा सर्वांना दिसेल असा ठेवा आणि पुढच्या टप्प्यात काय होणार आहे ते आधी मोठ्याने सांगून मगच बटण दाबा. एकूण मतदार, ऑनलाइन मते, टपाली मते आणि कोरी मते यांचा मेळ फळ्यावर मांडा, त्याखाली उपस्थितांच्या सह्या घ्या आणि त्याची प्रत त्याच संध्याकाळी सर्व सभासदांना पाठवा.